आवतण चूलबंद, पान एकच

आमच्या वाडीत मुलीला एकटीला कुठं पाठवत नसत. शेणव्याच्या हायस्कूलला जायचं तर आधी ओढा, मग थोडं रान, मग बांधाबांधानं रस्ता, आणि त्या रस्त्याला मुली जोडीनं लावल्या जात, औताला बैल लावतात तशा. माझी जोडी हिराशी. कुणी ठरवली ते आठवत नाही. दोघींची घरं पाठीला पाठ लावून उभी होती, म्हणून ठरली असणार. नियम एवढाच की दोघी जातील, नाहीतर कुणीच जाणार नाही. हिराला ताप आला की माझी शाळा बुडायची, माझ्या घरी पाहुणे आले की हिराची. हजेरी घेताना मी नसले की मास्तर हिराच्या नावाला थांबतच नसत, सरळ पुढं जात. मला तेव्हा या नियमाचा भयंकर राग यायचा. हिराचं नाक सदा गळकं, आणि मी मेली धट्टीकट्टी! एकदा परीक्षेच्या दिवशी मी तिच्या अंथरुणाशी जाऊन म्हटलं, "उठतेस का ओढून नेऊ?" ती पडल्या पडल्या म्हणाली, "ओढ. पन दप्तर तू घे." अशी ती. आज साठी उलटली तरी तशीच आहे.

माझा बाप आचारी. भाताची खाचरं होती, पावसात तो चिखलात असायचाच, पण लग्नसराई लागली की बा शेतकरी राहायचा नाही. शहापूरपासून मुरबाडपर्यंत कुठल्याही मांडवात गणपत आचारी म्हटलं की लोक जेवणाला थांबायचे. घरात आमच्या उभ्या उन्हाळ्यात भाजलेल्या मसाल्याचा आणि तुपाचा वास असे. बाच्या सदऱ्याला तो वास पावसाळ्यातसुद्धा यायचा. वालाचं बिरडं त्याच्या हाताचं. वाल सोलायला रात्रीपासून बाया बसलेल्या असत, पण फोडणी दुसऱ्या कुणी घातलेली त्याला चालत नसे. जेवण तयार झालं की तो लोखंडी झारा टोपाच्या कडेवर तीनदा आपटायचा. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. तो आवाज झाला की पंगत बसायची. मी लहानपणी मांडवात त्याच्या मागं मागं असे आणि त्या आवाजानं माझं पोट आपोआप भुकेलं व्हायचं. अजूनही कुठं लोखंडावर लोखंड वाजलं की मला लापशी खावीशी वाटते. डॉक्टर म्हणतात, साखर वाढलीय. वाढू दे.

आमच्याकडे लग्नाचं आवतण दोन तऱ्हेचं. एक म्हणजे घरचा एक माणूस या. दुसरं चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी आमच्याकडेच जेवायचं. हे आवतण द्यायला घरचा माणूस दारात यावा लागतो, आणि एकदा दिलं की दिलं, पान वाढायलाच लागतं. घेणाऱ्यावरही बंधन असतं. एकाचं चूलबंद घेतलं की त्या दिवशी दुसऱ्याच्या पंगतीला जायचं नाही. तो अपमान समजतात. एका वर्षी एका बड्या घरानं चार गावांना चूलबंद दिलं आणि शिधा काढला जेमतेम दोन गावांचा. बानं सकाळीच भाताचे टोप बघून सांगितलं, "शेठ, पुरायचा नाय." तर शेठ म्हणाला, "तू शिजव रे. उठून गेले तर जातील. गर्दी दिसली पायजे." आणि खरंच, निम्मी माणसं उपाशी परतली, घरी जाऊन गार चुली पेटवल्या, आणि वर वर्षभर म्हणत राहिली, काय लग्न झालं हो, उभं राहायला जागा नव्हती! बा त्या घरी पुन्हा शिजवायला गेला नाही. हे मी आत्ताच सांगून ठेवते, पुढं लागणार आहे.

बारावीपर्यंत आम्ही दोघी शहापूरला एसटीनं जोडीनं गेलो आलो. आता पुढं काय, तर डीएड. त्या काळी डीएड म्हणजे सोनं. दोन वर्षं काढली की मास्तरीण, मास्तरीण झाली की पगार, आणि पगार असला की बाईला कुणी उठ म्हणत नाही, बस म्हणत नाही. मला मास्तरीण व्हायचंच होतं. दुसरं काही सुचतच नव्हतं. घरून परवानगी होती, पण तीच जुनी. हिराची आई, तिला मी काकी म्हणायची, आणि माझा बाप यांचं असं एकमत बाकी कशावर झालं नसेल. काकी म्हणाली, "दोघींचं झालं तर दोघी. एकटी पोर मी परक्या गावात ठेवनार नाय." बा म्हणाला, "माझं पन तेच."

त्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजात कल्याणकडच्या एका नावाजलेल्या डीएड कॉलेजचे एक सर आले. पांढरे बूट, गोड बोलणं. बरोबर अर्जांचा गठ्ठा. म्हणाले, आमचं कॉलेज खास तुमच्यासारख्या खेड्यातल्या मुलींसाठी आहे, तुम्ही आलंच पाहिजे, लाजू नका, मैत्रिणींनाही द्या. वर्गातल्या एकूण एक मुलीच्या हातात अर्ज ठेवला. जिला कसेबसे पास होण्याएवढे मार्क होते तिलाही ठेवला. मग त्यांनी आमच्या बाजारात, एसटी स्टँडवर, अगदी शेणव्याच्या पानाच्या टपरीवरसुद्धा अर्ज ठेवले, आणि वाड्यावाड्यांत दारोदारही फिरले. बानं तो अर्ज दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाला, "बघ गो, कॉलेजचा मानूस सवताहून दारात आला. चूलबंद आवतान हाय ह्ये."

त्याच सुमारास मुरबाडला एक नवं डीएड कॉलेज निघालं होतं. त्याची जाहिरात म्हणजे एसटी स्टँडच्या भिंतीला चिकटवलेला एक कागद, तोही पावसाच्या एका सरीत ओघळलेला. मी हिराला म्हटलं, तिथंही टाकून ठेवू. तर बा खवळला. "एकाचं आवतान घेतलं ना? मग दुसऱ्याच्या दारात कशाला उभी ऱ्हातेस? दोन पंगती धरनारं घर नाय आपलं." काकीनंही मान डोलावली. आणि हसू नका, आम्हालाही ते पटलं. वाडीतल्या सगळ्याच मुलींनी एकच अर्ज भरला. शहरातलं पोर असं कधी करणार नाही. आज माझी नात एका रात्रीत इतक्या ठिकाणी अर्ज टाकते की कुठं कुठं टाकले तेही तिला आठवत नाही. का गो, म्हटलं, तर म्हणाली, आजी, सगळे टाकतात. सगळे टाकतात म्हणून ही टाकते, ही टाकते म्हणून दुसरी टाकते. भीतीनं अर्ज वाढतात आणि अर्ज वाढले की भीती वाढते. जागा बिचाऱ्या होत्या तेवढ्याच.

मग आवणी, म्हणजे भाताची लावणी, आली. तो पावसाळा मला चवीनं आठवतो. आई शेवळाची भाजी करायची, घसा खाजू नये म्हणून काकडं, ती आंबट रानफळं, घालून, आणि संध्याकाळी शेतातले मुठे, म्हणजे खेकडे, पकडून त्यांचं लालभडक कालवण. बा चिखलात वाकलेला असतानाही बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून सांगे, "आमची सुमी चालली कल्यानला, मास्तरीन व्हायला!" आई कपाळाला हात लावायची. "अजून पान मांडलं नाय नि हा ढेकर देतोय," म्हणायची. आई फार बोलत नसे, पण बोलली की लागे.

यादी लागायच्या दिवशी बा, मी आणि हिरा कल्याणला गेलो. हिरानं नवी रिबन बांधली होती. कॉलेजच्या फाटकातच आमचे पाय थांबले. एवढ्या मुली मी जन्मात एका जागी पाहिल्या नव्हत्या. वाडा, मोखाडा, जव्हार, भिवंडी, कुठून कुठून आलेल्या, सगळ्यांचे बाप टोप्या हातात घेऊन उभे, आणि सगळ्यांना तोच अर्ज तशाच गोडीनं घरपोच मिळालेला. जागा मात्र एका वर्गाच्या. भिंतीवरच्या फळ्यापुढं एक मुलगी मटकन खाली बसली आणि तिच्या आईनं तिच्याबरोबर बसून गळा काढला. मी घुसले. माझं नाव होतं. शेवटाकडं होतं, पण होतं. मग मी हिराचं शोधलं. वरून खाली शोधलं, खालून वर शोधलं. मागून हिरा म्हणाली, "पुरे सुमे. मी बघितलं."

तेच सर व्हरांड्यात उभे होते, पांढऱ्या बुटांवर चिखल उडू नये म्हणून जरा मागं सरकून. मी सरळ त्यांच्यापुढं गेले. माझ्या अंगात तेव्हापासूनच हा किडा आहे. म्हटलं, "सर, तुम्हीच आमच्या गावात येऊन हिला अर्ज दिलात. म्हणालात, आलंच पाहिजे." ते हसले. वाईट माणूस नव्हता, हेच वाईट. म्हणाले, "अगं, अर्ज सगळ्यांनाच देतो. अर्ज जास्त आले तर कॉलेजचं नाव होतं. मागच्या वर्षी एवढी गर्दी नव्हती, तर लोक विचारायचे, इथं कुणालाही घेतात का? आता कुणी विचारणार नाही. तुझं झालं ना? एवढ्यांतून निवडली गेलीस. पेढे वाट जा." मी फाटकाकडं पाहिलं. टोप्या हातात घेतलेले बाप परत निघाले होते, आणि कुणीच चिडलेलं नव्हतं. उलट म्हणत होते, फार मोठं कॉलेज हो, आपल्याला कुठलं मिळायला. मला तो शेठचा मांडव आठवला. वर्ग तोच, फळा तोच, शिकवणारे तेच. दाराबाहेर उपाशी उभे राहणारे तेवढे वाढवले, आणि आतलं जेवण आपोआप गोड झालं.

मला वाटलं, आता बाला माझ्याआधी राग येईल. आवतणाचा नेम बाचा, जोडीचा नेम बाचा. पण गाडीत बसल्यावर तो हळूच म्हणाला, "एवढ्यांतनं आपली निवडली." त्याचे डोळे चमकत होते. आसनगावला उतरेपर्यंत त्याचं ठरलंही होतं. "सुमे, तू जा. हिराचं नशीब नाय, त्याला आपन काय करनार?" हिरा पलीकडच्या बाकावरच बसली होती. तिनं रिबन सोडून बोटाला गुंडाळली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. त्या क्षणी मला बापाचा जेवढा राग आला तेवढा पुढं आयुष्यात कुणाचाही आला नाही, आणि माझा नवरा कसा होता ते वाडीला ठाऊक आहे.

वाडीत माझं कौतुक सुरू झालं. काकीनं मागचं दार लावून घेतलं, जे दार माझ्या जन्मापासून मी लागलेलं पाहिलं नव्हतं. मूळ मार्कलिस्ट आठवड्याभरात कल्याणला जमा करायची होती. ती एकदा एका कॉलेजात दिली की दुसरीकडं प्रवेश नाही. बानं ती पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि वर मसाल्याचा डबा ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याला खर्डीला बारशाच्या जेवणाला जायचं होतं. तो जायच्या आधी मी दारात उभी राहिले आणि विचारलं, "बा, शेठच्या लग्नात आपलं पान वाढलं होतं ना? आपन जेवलो होतो ना पोटभर?"

"व्हय. मग?"

"मग तू परत तिथं का नाय गेलास?"

त्याचा चेहरा पडला. त्याला कळलं. पण कळणं वेगळं आणि मानणं वेगळं. "कॉलेज नि लगीन एक असतं काय गो?" एवढं म्हणून तो झारा खांद्यावर टाकून निघून गेला.

मी हिराकडं गेले, मागचं दार बंद म्हणून वळसा घालून पुढच्या दारानं. ती ओले कपडे पिळत होती. म्हटलं, "चल, मुरबाडला. तिथं जागा असणार." हिरा माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू जा कल्यानला. मला तुझी दया नको." मी म्हटलं, "दया कसली मेले! तुझ्यासाठी माझी निम्मी शाळा बुडाली, ती काय फुकट जाऊ देऊ?" "मी तुझ्या मागनं लोंबकळत येनार नाय, सुमे." "मग पुढं चाल," मी म्हटलं, "पन चाल." तेव्हा कुठं ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि मीही. घरी आले तर आईनं मसाल्याचा डबा आधीच खाली उतरवून ठेवला होता. मार्कलिस्ट माझ्या हातात दिली, बरोबर फडक्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. म्हणाली, "त्याला मी सांगते. त्याचा राग मला सोसतो. तू मागं वळून बघू नको."

शहापूरला गाडी बदलून आम्ही मुरबाडला पोचलो तर कॉलेज सापडेना. विचारलं तरी कुणाला माहीत नव्हतं. शेवटी एका भात गिरणीमागं ते निघालं: दोन खोल्या, गिलावा न केलेल्या, पाटीवर नुसता पांढरा रंग, अक्षरं अजून काढायची होती. गिरणीचा धडधडाट असा की बोललेलं ऐकू येत नव्हतं. आत एक बाई टेबलाशी एकट्याच बसून शेंगा सोलत होत्या. त्याच प्राचार्या. अर्जाची मुदत संपली होती, पण जागा निम्म्याच भरल्या होत्या. त्यांनी आमच्या मार्कलिस्टा बघितल्या आणि माझ्यावर चष्मा रोखला. "तुझं कल्याणला लागलं असेल की?"

"लागलंय."

"त्यासाठी पोरी रडतात, बाई. इथं अजून पाटीसुद्धा रंगवलेली नाही. उद्या म्हणशील, कुठल्या आडगावात येऊन पडले."

मी म्हटलं, "तिथं आवतण सगळ्यांना होतं आणि पान एकच वाढलंय. आम्ही दोघी आहोत." आणि मार्कलिस्ट टेबलावर ठेवून दिली. कल्याणच्या त्या फाटकातली एकूण एक मुलगी मला वेडी म्हणाली असती. पण ठेवली ती ठेवली. हिरानं तिची माझ्या मार्कलिस्टवर ठेवली. बाईंनी दोन्हींवर शिक्का मारला आणि शेंगांची परडी आमच्याकडं सरकवली.

बा माझ्याशी बोलेना. लोकांनी त्याला विचारून विचारून बेजार केलं. जिथं कुत्रं विचारत नाय तिथं पोरगी घातलीस म्हणे? तो आईला म्हणायचा, "तिला सांग, भाकर थंड होतेय," आणि मी समोरच बसलेली असायची. गणपती असेच गेले. मुरबाडला आम्ही एका म्हातारीकडं खोली घेतली होती. वर्गात मुली इतक्या थोड्या की बाईंना प्रत्येकीचं घर, प्रत्येकीचं दुखणं ठाऊक. फळ्यावर माझं अक्षर उतरतं जायचं, तर बाई मागं उभ्या राहून मनगट धरून लिहायला लावत. हिरा गणितात कच्ची, तिला गिरणी बंद झाल्यावर थांबवून घेत. कल्याणला कुणी कुणाला थांबवून घेतलं असतं?

दिवाळीआधी बाईंनी गावकऱ्यांना बोलावून मुलींचे पाठ दाखवायचं ठरवलं आणि जेवणाचा विषय निघाला. हिरा पटकन म्हणाली, "हिच्या बापाला सांगा." मी तिला चिमटा काढला, पण निरोप गेला. बा आला. टोप घेऊन आला. माझ्याकडं बघितलंही नाही. बाईंना म्हणाला, "किती मानसं?" त्यांनी आकडा सांगितला तर त्याला अपमानच वाटला. "एवढ्यासाठी मला मुरबाडपातूर आनलंत?" तरी त्यानं लापशी केली, बिरडं केलं, आणि हिराचा पाठ चालू असताना दाराशी उभं राहून ऐकलं. हिरा छान शिकवायची, माझ्यापेक्षा छान. मग झारा वाजला. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. मुली जेवल्या, गावकरी जेवले, गिरणीवरची माणसं जेवली, आणि टोपात अजून होतंच. बानं माझ्या पानात आणखी झाराभर लापशी वाढली आणि कित्येक महिन्यांनंतरचं पहिलं वाक्य बोलला, "टोपात उरलंय. म्हंजे बरं कॉलेज हाय." मी खाली मान घालून खात राहिले, कारण वर बघितलं असतं तर रडले असते.

आम्ही दोघीही मास्तरणी झालो, दोघीही मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालो, आणि आता शहापूरला पाठीला पाठ लावून घरं बांधलीत. कल्याणच्या त्या कॉलेजचा डीएडचा वर्ग केव्हाच बंद झाला. डीएडला आता कुणी जात नाही. फाटकातली गर्दी गेली आणि तिच्याबरोबर ते मोठं नावही गेलं. मुरबाडच्या त्या संस्थेत आता नर्सिंग शिकवतात, इमारत तीन मजली आहे आणि तिथं मात्र झुंबड उडते. परवा तिथले नवे प्राचार्य आमच्याकडं आले. तरुण, हुशार, बोलायला गोड. त्यांना माहितीपत्रकावर छापायला माझा आणि हिराचा फोटो हवा होता. म्हणाले, "मॅडम, तुमचा फोटो गावोगाव गेला की अर्ज दुप्पट होतील."

मी विचारलं, "आणि जागा?"

"जागा तेवढ्याच. पण अर्ज जास्त आले म्हणजे निवड अवघड होते, आणि निवड अवघड झाली की संस्थेचं नाव होतं."

हिरा पदराला हात पुसत आतून आली. तिनं त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि अगदी मायेनं विचारलं, "काय रे बाळा, आमी आज तुझ्याकडं आलो असतो, तर आमाला घेतलं असतंस?"

पोर प्रामाणिक निघालं. थोडा विचार करून म्हणालं, "सुमन मॅडमना बहुतेक घेतलं असतं."

हिरा इतकी हसली की तिला ठसका लागला. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "बाळ, जागा वाढव आणि मग ये. फोटो मिळेल तर दोघींचा मिळेल, नाहीतर कुणाचाच मिळायचा नाही."